आधी गळती दाखवा

सायकलवाल्यांच्या दरबारात एक खटला असा चालतो, की त्यात निकाल आधी लागतो आणि तपास कधीच होत नाही. पाठीवरची पाण्याची पिशवी गळतेय, एवढं कुणी म्हणायचा अवकाश, टपरीपाशी चहा घेत उभे असलेले सगळे एका सुरात शिक्षा सुनावतात: टाकून दे, नवी घे. कुठून गळते? किती गळते? भरल्याबरोबर गळते की पाठीवर चढवल्यावर? मुळात गळतेच आहे ना? यातला एकही प्रश्न कुणी विचारत नाही. जर्सीची पाठ ओली आहे ना, मग झालं.

ही मंडळी अडाणी असती तर मी लिहायला बसलो नसतो. पण ही तीच माणसं आहेत, जी चेन किती ताणली गेली हे मोजायला वेगळं हत्यार बाळगतात. टायरात ८० पीएसआय हवा ठेवावी की ८५, यावर कात्रजचा जुना बोगदा येईपर्यंत भांडतात. डिरेलरचा स्क्रू पाव फेरा फिरवून कान देऊन ऐकतात. ट्यूबलेस टायरातलं सीलंट सुकलं का, हे चाक हलवून सांगतात. अशा माणसाच्या हातात गळकं ब्लॅडर, म्हणजे हीच पाण्याची पिशवी, ठेवा. त्याच्यातला मेकॅनिक तत्क्षणी गायब होतो आणि मागे उरतं ते फक्त गिऱ्हाईक.

त्यांचं म्हणणं मी त्यांच्यापेक्षा जरा नीट मांडतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. ते म्हणतात: हजार-दोन हजारांची वस्तू, तिच्यामागे कुठे लागायचं? शिवाय हे पिण्याचं पाणी आहे, ट्यूबमधली हवा नव्हे. गोंदबिंद पोटात गेला तर? बरं, चिकटवलंच, तरी ते टिकणार नाही, नेमकं भर घाटात सुटेल. आणि मुख्य म्हणजे ही वस्तू दुरुस्तीसाठी बनवलेलीच नसते. हे सगळं मोठ्या समंजस आवाजात सांगितलं जातं. आवाज समंजस असला की चौकशी आपोआप टळते, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.

पण या सगळ्या युक्तिवादाच्या बुडाशी एक गृहीत आहे, आणि ते कुणी तपासलेलं नाही. गळतेय ती पिशवीच, हे कुणी ठरवलं?

हायड्रेशन पॅक ही काही एकसंध चीज नव्हे. एक पिशवी, तिचं पाणी भरायचं तोंड, त्यावरचं झाकण, झाकणातली रबरी कडी म्हणजे ओ-रिंग, खालच्या अंगाला नळीचा जोड, त्या जोडात आणखी एक चिमुकली ओ-रिंग, मग नळी, आणि नळीच्या टोकाला दातांनी दाबून पाणी प्यायचा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह. पाणी बाहेर पडू शकेल अशा या पाच-सहा जागा. त्यांत पिशवीची प्रत्यक्ष कातडी ही फक्त एक. बाकी सगळीकडे सुटा, निघणारा, बदलता येणारा भाग बसवलेला आहे. तरी शिक्षा कुणाला? पिशवीला. आणि पुष्कळदा पिशवीबरोबर तिच्याभोवतीच्या धडधाकट सॅकलाही, पट्टे-चेन-जाळीसकट.

व्हॉल्व्हपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त मार तोच खातो. सिलिकॉनच्या टोपीला मधोमध एक चीर असते. दाबली की उघडते, सोडली की मिटते. चढावर धापा टाकणारा माणूस ती नुसती दाबत नाही, चघळतो. चघळून चघळून चीर एका कडेने फाटते आणि मिटेनाशी होते. मग थेंब थेंब पाणी छातीवर, मांडीवर, टॉप ट्यूबवर. त्यातून नळीचं तोंड पिशवीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली लोंबत असलं, की सायफन आपलं काम चोख करतो. किंवा असं बघा: राइडला जाताना गाडीच्या डिकीत पॅक आडवा टाकला, त्यावर हेल्मेट, हेल्मेटवर बूट. व्हॉल्व्ह दाबला गेला. तासाभराने डिकीत तळं. निदान? ब्लॅडर फुटलं! अहो, नळीवरची बंद करायची खिट्टी फिरवली असती तर? आणि टोपी फाटलीच असेल, तर ती ओढून काढायला आणि नवी बसवायला अर्धं मिनिट लागतं. हत्यारही लागत नाही.

झाकणाची कथा याहून सोपी. घाईत, पहाटे साडेचारच्या अर्धवट उजेडात, झाकणाचे आटे तिरके बसतात आणि वरून कितीही आवळलं तरी एका बाजूने फट राहते. झाकण आधी उलटं फिरवायचं, आटा ठिकाणी बसल्याचा खटका लागला की मग सुलटं. इतकंच. तरीही झिरपत असेल तर ओ-रिंग काढून बघायची: पिळवटली आहे का, चीर गेली आहे का, तिच्या खोबणीत वाळूचा कण किंवा वाळलेल्या इलेक्ट्रोलाइटची पापडी बसली आहे का. कोमट पाण्याने धुवायची, खोबण कापडाने पुसायची, परत बसवायची. रिंग सिलिकॉनची नसेल तर खाद्यदर्जाचं सिलिकॉन ग्रीस अगदी बोटाला लागेल इतकं फिरवायचं. व्हॅसलिन मात्र नको. खनिज तेलाने काही जातींची रबरं फुगतात आणि मग खरीच गळायला लागतात. घडी घालून वरून पट्टी सरकवायची पिशवी असेल, तर घडी सरळ पडली आहे ना आणि पट्टी शेवटपर्यंत गेली आहे ना, एवढं बघायचं. नळीच्या जोडालाही हाच न्याय. तो अर्धवट बसला तर दिसायला बसलेला दिसतो आणि हळूच गळतो.

रबराची एवढीशी कडी काय करू शकते, याचा धडा जगाला २८ जानेवारी १९८६ रोजी मिळाला आहे. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच मोडून पडलं, सात माणसं गेली, आणि चौकशीत बोट गेलं ते थंडीने ताठरलेल्या ओ-रिंगवर. चौकशी आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सगळ्यांसमोर दाखवून दिलं. तिथे अख्ख्या यानाच्या ठिकऱ्या उडाल्या असताना लोकांनी विचारलं, की नेमकं गळलं कुठून. तुम्ही दोन लिटर पाण्यासाठी तेवढंही विचारत नाही?

आता सगळ्यात लाजिरवाणी गळती. म्हणजे जी गळतीच नसते ती. मुंबईची किंवा कोकणातली दमट हवा, आणि पिशवीत बर्फाचं पाणी. हवेतली वाफ पिशवीच्या गार अंगावर पाणी होऊन बसणारच. सॅकचं अस्तर भिजणार, पाठ भिजणार. हा धडा शाळेत एकदा फुकट शिकलेला माणूस तोच धडा दोन हजार रुपये मोजून पुन्हा शिकतो आणि वर नव्या पिशवीचं कौतुक सांगतो. पुढच्या राइडला ती बर्फाशिवाय नेलेली असते, हे त्याच्या लक्षातही येत नाही. आणि हो, चढावर माणसाच्या पाठीला घाम येतो, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

तेव्हा तपास कसा करायचा? पिशवी कोरडी करा. तोंडाने फुगवा आणि बादलीभर पाण्यात एकेक भाग दाबून धरा: आधी खिट्टी उघडी ठेवून व्हॉल्व्ह, मग ती बंद करून नळीचा जोड, मग झाकण, मग कडेची शिवण, शेवटी पोट. जिथून बुडबुडा येईल तिथे पुसून मार्करने खूण. हे काही मी शोधून काढलेलं नाही. रस्त्याकडेला घमेलं घेऊन बसलेला प्रत्येक पंक्चरवाला दिवसभर हेच करत असतो. तो ट्यूब बुडवल्याशिवाय तिला पॅच लावत नाही आणि फेकूनही देत नाही. त्याच्याकडे लाखाची कार्बन सायकल नाही, हे खरं. गळती फारच बारीक असेल तर पाण्यात खायच्या रंगाचे दोन थेंब टाकून पिशवी रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागद सांगेल. पाणी मात्र घरातल्या तापमानाचं घ्या. बर्फाचं घेतलंत तर कागद सगळीकडून ओला होईल आणि तुम्ही पुन्हा दुकानात जाल.

समजा, एवढं करून बुडबुडा पिशवीच्या अंगातूनच आला. येतो कधीकधी. मल्टिटूल, टायर लिव्हर आणि पंप पाण्याच्या पिशवीला चिकटून कोंबायची आपल्याला सवय आहे. मग खडबडीत रस्त्यावर ते तिच्या पोटात टोचत राहतात. पिशवी चुरगाळून त्याच घडीत महिनोन्‌महिने ठेवली तर घडीवर बारीक चीर पडते. काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये गोठवली तर बर्फ फुगतो आणि शिवणीवर ताण येतो. बाभळीच्या काट्याबद्दल देशावरच्या सायकलवाल्यांना मी काय सांगणार!

इथे थोडं साहित्यशास्त्र लागतं, आणि नेमकं इथेच दुरुस्तीचं नाव बदनाम झालं आहे. बदनाम केलं ते फेकणाऱ्यांनी नव्हे, चिकटवणाऱ्यांनी. आपल्याकडे दुरुस्तीवाल्यांचाही एक पंथ आहे, ज्याचं एकमेव शास्त्र फेविक्विक. ते सुकल्यावर काचेसारखं कडक होतं. पिशवी प्रत्येक घोटाला आत जाते, प्रत्येक खड्ड्याला हेलकावते. कडक थर पहिल्याच दुमडीला तडकतो. मग एम-सील. तेही दगड. मग पंक्चरचं सोल्युशन. ते रबरासाठी बनलेलं आहे, ट्यूबच्या रबराशी त्याचं जुळतं. पिशवी रबराची नाहीच. मग कुणी महाभाग इस्त्री फिरवतो. त्या प्रकरणाचा पंचनामा मी करत नाही. हे चारही प्रयोग करून झाले की हीच मंडळी जाहीर करतात, की दुरुस्ती टिकत नाही. चुकीचं औषध चार वेळा दिलं आणि रोग असाध्य ठरवला!

बहुतेक चांगल्या पिशव्या टीपीयूच्या, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या असतात. मऊ, ओढली तर किंचित ताणली जाणारी. तिच्या कडा धाग्याने शिवलेल्या नसतात; उच्च वारंवारतेच्या विद्युतलहरींनी प्लास्टिक तापवून आणि दाबून दोन थर एकजीव केलेले असतात. अशा कातडीला युरेथेनचंच चिकटद्रव्य हवं. तंबू, रेनकोट आणि पाणबुड्यांचे सूट दुरुस्त करायला जे वापरतात, ते. ते सुकल्यावरही लवचीक राहतं. भोकाभोवतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवायचा, पुन्हा पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, आणि भोकाच्या चहूबाजूंनी बोटभर रुंद पातळ थर द्यायचा, बाहेरून. भोक टाचणीपेक्षा मोठं असेल तर वर टीपीयूचा गोल तुकडा. तो कुठून आणायचा? मोडीत काढलेल्या जुन्या ब्लॅडरमधून कापा. हल्ली सायकलला टीपीयूच्या हलक्या ट्यूब मिळतात. त्यांचे पॅचही त्याच जातीचे. मग पिशवी सपाट ठेवून एक दिवस विसरून जायचं. घाई केली तर वाया.

ज्या पिशव्या स्पर्शाला कडक आणि चुरगाळल्यावर कुरकुरतात, त्या पॉलिथिनच्या असू शकतात, आणि पॉलिथिनला सहसा काही धड चिकटत नाही. तिथे भोक पडलं तर ती पिशवी गेली. ज्या टीपीयूची कडेची शिवणच वीतभर उसवली, किंवा जुनी होऊन जी चिकट आणि गढूळ झाली, तीही गेली. एवढं मी देतो. याहून जास्त नाही. आणि गेली म्हणजे पिशवी गेली. तिचा व्हॉल्व्ह, नळी, झाकण, ओ-रिंगा काढून डब्यात ठेवायच्या आणि कातडीचे पॅच कापायचे. सॅक फेकायचा तर प्रश्नच कुठे येतो?

आता पोटात जाणाऱ्या विषाकडे वळू. हा मुद्दा काढला की समोरचा गप्प होतो, म्हणून तो सारखा काढला जातो. थर बाहेरून दिलेला आहे. तो पूर्ण सुकलेला आहे. आतल्या पाण्याचा त्याला स्पर्श होतो तो टाचणीच्या भोकाएवढा. वरून लावलेला तुकडा पिशवीच्याच जातीच्या प्लास्टिकचा आहे. तरी शंका असेल तर पिशवी एक-दोनदा भरून ते पाणी कुंडीत ओता. आणि ज्यांना या टाचणीच्या टोकाची एवढी धास्ती वाटते, त्यांनी कृपा करून स्वतःच्या नळ्या एकदा उजेडात धराव्यात. रविवारी भरलेलं गोड एनर्जी ड्रिंक पुढच्या शनिवारपर्यंत तसंच. नळीच्या आत काळे ठिपके, व्हॉल्व्हच्या चिरेत गुळगुळीत बुरशी, झाकण उघडलं की आंबट वास. ते चालतं! त्याच बुरशीतून पाणी ओढत ही माणसं आरोग्यावर प्रवचन देतात, मग घाटमाथ्यावर उतरून कुठल्याशा बर्फाचा उसाचा रस पितात, आणि त्या बर्फाचं कूळ कुणी विचारत नाही. विष फक्त गोंदात असतं काय? पिशवी दर वेळी धुऊन, तोंड उघडं ठेवून, उलटी टांगून वाळवण्याचं कष्टाचं काम टाळायचं आणि त्या आळसाला आरोग्याची काळजी म्हणायचं, हा प्रकार मला दुरुस्तीपेक्षा कितीतरी धोक्याचा वाटतो.

दगा देईल, हा पुढचा आक्षेप. भर घाटात पॅच सुटेल आणि माणूस तहानेने मरेल. चांगलं नाट्य आहे. पण जरा खाली बघा. ज्या टायरावर तुम्ही खंबाटकीचा उतार ताशी ५० किलोमीटरने उतरता, त्यातल्या ट्यूबला पॅच आहे. असेलच, सायकल चालवणाऱ्या माणसाची ट्यूब पॅचशिवाय किती दिवस राहते? ती ट्यूब उतारावर अचानक बसली तर तुमचं काय होईल, हे तुम्हाला माहीत आहे. आणि तिच्यावर भरवसा ठेवायला तुम्हाला भीती वाटत नाही, कारण पंक्चर काढणं हे प्रतिष्ठित मानलं गेलेलं काम आहे. ब्लॅडरचा पॅच सुटला तर काय होईल? पाठ ओली होईल. पॅचवर जीव टांगायची तयारी आहे, पण पॅचवर पाठ भिजवायची नाही, हे कुठलं धैर्य?

शिवाय दुरुस्त केलेली पिशवी ही तपासलेली पिशवी असते. ती बादलीत बुडवलेली असते, भरून रात्रभर कागदावर ठेवलेली असते, तिच्या प्रत्येक जोडाला हात लागलेला असतो. नवी पिशवी खोक्यातून काढून थेट पाठीवर जाते. कुठली कमी भरवशाची? २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे वेळेच्या मर्यादेतली लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत आणि ६०० ची ४० तासांत संपवायची असते. अशा राइडला निघालेला शहाणा माणूस फ्रेमवर निदान एक बाटलीही लावतो, पिशवी नवी असो की जुनी. ज्याने सगळं पाणी एकाच ठिकाणी ठेवलं त्याचा प्रश्न पॅचचा नाही.

वेळेचा मुद्दा मी गंभीरपणे घ्यायला तयार नाही. बुडबुडा शोधायला पाव तास लागतो. चिकटद्रव्य सुकायला दिवस लागतो, पण तेवढा वेळ ते एकटं सुकतं. तुम्ही शेजारी बसून वारा घालायचा नसतो. उलट नवी पिशवी निवडताना दीड लिटर की दोन, नळी वरून की खालून, निळी की करडी, यात सबंध संध्याकाळ जाते आणि तिला कुणी वेळ वाया गेला म्हणत नाही. पैशाचं म्हणाल, तर युरेथेनची ट्यूबही स्वस्त नसते आणि एकदा फोडली की उरलेली घट्ट होते, हे खरं. मग ती फ्रीझरमध्ये ठेवा, जास्त दिवस जाते. त्याहून बरं, दहा जणांच्या ग्रुपने एक घ्यावी. ग्रुपच्या जर्सीसाठी वर्गणी निघते. त्या जर्सीवर पर्यावरणाचा हिरवा मजकूर छापला जातो. एका ट्यूबसाठी वर्गणी काढायला काय हरकत आहे?

त्या हिरव्या मजकुराबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. सायकल म्हणजे धूर नाही, हे आपण गर्वाने सांगतो. काही ग्रुप राइडच्या शेवटी रस्त्यावरच्या प्लास्टिकच्या बाटल्या वेचतात, उत्तम. पण टाकून दिलेल्या ब्लॅडरचं पुढे काय होतं? पिशवी टीपीयूची, झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, व्हॉल्व्ह सिलिकॉनचा. प्लास्टिकच्या वर्गीकरणात टीपीयू सातव्या, म्हणजे ‘इतर’ या खान्यात पडतं. पाण्याची साधी बाटली भंगारात निदान किलोवर विकली जाते. हे संमिश्र धूड कोण घेणार? रस्त्यावरची दुसऱ्याची बाटली उचलायची आणि स्वतःची वर्षानुवर्षं न कुजणारी पिशवी वीस रुपयांच्या ओ-रिंगपायी कचऱ्यात टाकायची, याला कुठलं प्रेम म्हणायचं? निसर्गप्रेम नक्कीच नव्हे.

राहिला शेवटचा बुरूज: ही वस्तू दुरुस्तीसाठी नसतेच. हे ऐकून मला खरंच हसू येतं, कारण या वस्तूचा जन्मच खटपटीतून झाला आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स इथे ऐन ऑगस्टच्या उन्हात १०० मैलांची एक राइड होते, १९८२ पासून. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे मायकेल आयड्सन नावाचा रुग्णवाहिका सेवेतला माणूस उतरला. त्याने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, तो मोजा जर्सीच्या पाठीला अडकवला, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने तिचं तोंड बंद केलं. यातूनच कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली आणि पुढे बाकीच्या सगळ्यांनी तीच कल्पना उचलली. मोजा, चिमटा आणि सलाइन! त्या माणसाने दुकानात विचारून ‘अशी वस्तू येत नाही’ हे उत्तर मान्य केलं असतं, तर तुमच्या पाठीवर आज काहीच नसतं.

आणि महाराष्ट्रातल्या माणसाने तरी असं म्हणू नये, की पाण्याची पिशवी दुरुस्त होत नसते. इंजिनं आणि विजेचे पंप येईपर्यंत या मुलखातलं बरंचसं बागायत चामड्याच्या मोटेवर पिकलं. शहरांत पखालीने पाणी वाहिलं. चामडं फाटतं, शिवण उसवते, मोट गळते. आणि गळणारी मोट म्हणजे बैलांची फुकटची येरझार. म्हणून ती शिवली जायची, तिला ठिगळ लागायचं, आणि पुन्हा विहिरीत उतरायची. ज्या हातांनी ती शिवली त्यांना मात्र गावाने वेशीबाहेर ठेवलं. मला कधीकधी शंका येते, की दुरुस्तीबद्दलची आपली नाक मुरडायची सवय तिथूनच आलेली आहे. वस्तू विकत घेणारा तो मोठा आणि ती सांधणारा तो हलका, हे समीकरण आपण नव्या जर्सीतही सोबत घेऊन हिंडतो आहोत.

कंपन्यांना हे समीकरण फार सोयीचं आहे. परदेशात ज्या ब्लॅडरचा व्हॉल्व्ह, झाकण, ओ-रिंग सुटी मिळते, त्याच ब्लॅडरसाठी इथल्या दुकानात सुटा भाग मागितला तर विक्रेता आपल्याकडे दयेने बघतो आणि नव्या खोक्याकडे बोट करतो. ओ-रिंगचं माप पिशवीवर छापायला किती शाई लागेल? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं, असे चार विभाग घेतले. पाण्याची पिशवी त्यात कुठे बसत नाही. बसणार तरी कशी? ज्या वस्तूचा मालकच ती दुरुस्त होत नाही असं छातीठोकपणे सांगतो, तिच्या सुट्या भागांसाठी कुठलं सरकार आणि कुठली कंपनी धावपळ करील? गिऱ्हाइकाने आधी मागणीच सोडून द्यायची आणि मग मिळत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, असं चाललं आहे. दुकानात नवी पिशवी मागणाऱ्या प्रत्येकाने तीन रविवार लागोपाठ फक्त व्हॉल्व्हची टोपी आणि झाकणाची ओ-रिंग मागितली, तर चौथ्या रविवारी ती काउंटरवर बरणीत भरून ठेवलेली दिसेल.

तेव्हा टपरीवरच्या न्यायाधीशांना माझं सांगणं सरळ आहे. गळकं ब्लॅडर फेकायचा सल्ला देणाऱ्याने आधी बादली मागवावी. पिशवी फुगवावी, सगळ्यांसमोर बुडवावी, आणि बुडबुडा नेमका कुठून येतो त्यावर बोट ठेवून दाखवावं. व्हॉल्व्हमधून आला तर टोपी बदला, झाकणातून आला तर कडी धुवा, पोटातून आला तर युरेथेन लावा, कुठूनच आला नाही तर बर्फ कमी टाका आणि घामाचं बिल पिशवीच्या नावे फाडू नका. शिवण वीतभर उसवलेली निघाली तर मी स्वतः ती कचऱ्यात टाकीन, व्हॉल्व्ह काढून घेऊन. पण बुडबुडा न बघता ‘नवी घे’ म्हणणाऱ्याने सायकलीतलं आपल्याला काही कळतं असा दावा करू नये. त्याला फक्त दुकानाचा रस्ता कळतो.